शैली सिस्टिमची नसते, जोडणीची असते: सोप, रेस्ट, जीआरपीसी, ग्राफक्यूएल आणि मेसेजिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑर्डर घेणारी नवी सर्व्हिस (एक ठरावीक काम सांभाळणारा वेगळा प्रोग्राम) लिहायची आहे. साठा आणि पेमेंट या दोन सर्व्हिस दुसऱ्या टीमकडे आहेत. हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर फक्त सोप (एक्सएमएलमध्ये मेसेज पाठवण्याची जुनी पद्धत) बोलतं. समोर मोबाइल ॲप आणि वेबसाइट आहे. सगळीकडे एकमेकांशी बोलण्याची एकच शैली ठेवावी का, आणि ठेवायची तर कोणती?

एकच शैली ठेवू नका. तुमच्याकडे चार वेगळ्या जोडण्या आहेत आणि प्रत्येकीची गरज निराळी आहे. ॲपला ताबडतोब उत्तर हवं. साठ्याकडून 'आहे की नाही' एवढंच हवं, पण ते दिवसात हजारो वेळा. पेमेंटमध्ये एकच काम दोनदा होता कामा नये. हिशेबाला नोंद पाच मिनिटांनी पोचली तरी कुणाचं बिघडत नाही, मात्र ती पोचलीच पाहिजे.

रेस्ट (वेबच्या एचटीटीपीवर बेतलेली शैली) की जीआरपीसी (दुसऱ्या सर्व्हिसचं फंक्शन थेट बोलावण्याची शैली) हा वाद बहुतेक वेळा वेगावर येऊन अडकतो. जेसन (रेस्टमध्ये सहसा वापरलं जाणारं मजकुरी स्वरूप) वाचायला प्रोटोबफपेक्षा (जीआरपीसीच्या बायनरी स्वरूपापेक्षा) जास्त वेळ लागतो हे खरं. पण त्याच रिक्वेस्टमध्ये डेटाबेसची क्वेरी ४० मिलिसेकंद खात असेल, तर पार्सिंगमधला एखादा मिलिसेकंद वाचवून हाती काही लागत नाही. त्यापेक्षा दोन प्रश्न आधी विचारा. उत्तर आल्याशिवाय पाठवणाऱ्याचं पुढचं काम खरोखर अडतं का? आणि दोन्ही बाजूंचा कोड एकाच वेळी बदलणं तुमच्या हातात आहे का? पहिल्यातून कॉल करायचा की मेसेज टाकायचा ते ठरतं. दुसऱ्यातून करार, म्हणजे काय आणि कसं पाठवायचं याचे नियम, किती सैल किंवा किती घट्ट ठेवायचा ते ठरतं.

उत्तर आलंच नाही तर?

शैली कोणतीही घ्या, हा प्रश्न सुटत नाही, म्हणून तो सगळ्यात आधी घेतो. समजा ॲप उत्तरासाठी ९० सेकंद थांबतं. मध्ये एनजिनएक्स हा प्रॉक्सी (रिक्वेस्ट पुढे पोचवणारा मधला सर्व्हर) आहे आणि त्याची बॅकएंडकडून, म्हणजे मागच्या सर्व्हिसकडून, वाचण्याची मर्यादा मूळच्या ६० सेकंदांवरच आहे. पेमेंट त्या दिवशी हळू चाललंय, काम ६५व्या सेकंदाला पूर्ण होतं. ६०व्या सेकंदाला प्रॉक्सीने ५०४ ('मागून उत्तर वेळेत आलं नाही' असा एचटीटीपीचा कोड) दिला, ॲपवर 'पुन्हा प्रयत्न करा' असं दिसलं, माणसाने बटण दाबलं. पाच सेकंदांनी पहिलं पेमेंट यशस्वी झालं, थोड्या वेळाने दुसरंही झालं. पेमेंटच्या लॉगमध्ये कुठेही एरर नाही. प्रत्येक भागाने आपापलं काम चोख केलंय आणि पैसे दोनदा गेलेत.

पहिली दुरुस्ती म्हणजे टाइमआउट बाहेरून आत कमी होत गेले पाहिजेत. ॲप १५ सेकंद, प्रॉक्सी १२, ऑर्डरकडून पेमेंटला ८, डेटाबेसला ३, अशी उतरंड लावा. आतला माणूस बाहेरच्याच्या आधी हात टेकतो, त्यामुळे निदान नीट एरर तरी बाहेर पोचते. पण उतरंड लावूनही 'काम झालं की नाही' हे टाइमआउटमधून कळत नाहीच. त्यासाठी आयडेम्पोटन्सी की (एकाच कामाच्या सगळ्या प्रयत्नांवर लावलेली एकच ओळखखूण) लागते, आणि ती बहुतेक ठिकाणी अर्धवट केलेली असते.

पूर्ण करायची तर अशी. की ॲपमध्ये तयार होते, आणि तीसुद्धा माणूस चेकआउटच्या पानावर आला तेव्हा. बटण दाबल्यावर नाही, आणि रिट्रायच्या वेळी तर अजिबातच नाही, कारण प्रत्येक प्रयत्नाला नवी की गेली तर तिचा उपयोग शून्य. सर्व्हरवर 'क्लायंट आणि की' या जोडीवर युनिक बंधन असलेलं टेबल ठेवा आणि कामाला हात घालण्याआधी तिथे ओळ टाका. आधी शोधायचं आणि सापडली नाही तर टाकायची, असं केलंत तर दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या की दोघींनाही 'सापडली नाही' असं उत्तर मिळतं. ओळ टाकता आली नाही आणि जुनं काम पूर्ण झालेलं असेल, तर साठवलेला रिस्पॉन्स जसाच्या तसा परत द्या. काम अजून चालू असेल तर ४०९ (टक्कर) द्या. की तीच पण बॉडी (रिक्वेस्टमधला मजकूर) वेगळी असेल तर ४२२, म्हणजे नकार. त्यासाठी बॉडीचा हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) त्याच ओळीत ठेवा. 'ऑर्डर झाली' ही नोंद आणि 'की पूर्ण झाली' ही नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही होतील किंवा एकही नाही, अशी) हवी. बाहेरच्या पेमेंटला मात्र तुमचं ट्रान्झॅक्शन लागू नसतं, म्हणून तीच की पुढे पेमेंट सर्व्हिसलाही द्या. प्रोसेस मध्येच मेली तर 'चालू' अवस्थेत अडकलेल्या ओळींसाठी वेळेची मर्यादा ठेवा, नाहीतर ती ऑर्डर कायम ४०९ देत राहील.

रिट्रायचाही हिशेब करून ठेवा. ॲप, गेटवे आणि ऑर्डर सर्व्हिस या तिन्ही थरांनी प्रत्येकी ३ प्रयत्न ठेवले, तर आधीच दमलेल्या पेमेंट सर्व्हिसवर एका क्लिकमागे २७ कॉल जाऊ शकतात. रिट्राय एकाच थरात ठेवा. दोन प्रयत्नांमधलं अंतर दुप्पट करत न्या आणि त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळा, म्हणजे सगळे क्लायंट एकाच क्षणी परत येऊन आदळणार नाहीत.

रेस्ट: नाव घेतलं जातं तेवढं वापरलं जात नाही

रॉय फील्डिंग यांनी २००० साली पीएचडीच्या प्रबंधात रेस्ट मांडलं. त्यात जेसनचा संबंध नाही. त्यात बंधनं आहेत: क्लायंट-सर्व्हर अशी विभागणी, प्रत्येक रिक्वेस्ट स्वयंपूर्ण असणं, कॅशिंग, सगळ्या रिसोर्ससाठी एकसारखा इंटरफेस, थरांची रचना, आणि ऐच्छिक असं क्लायंटकडे कोड पाठवणं. आपण रोज ज्याला रेस्ट म्हणतो ते बहुधा एचटीटीपीवरून जेसन पाठवणारं आरपीसीच (दूरचं फंक्शन बोलावणंच) असतं. ते चालतं, त्यात पाप काही नाही. मात्र त्या बंधनांमुळे जे फुकट मिळत होतं ते आपण सोडतोय, याची जाणीव हवी.

फुकट मिळणाऱ्यातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ईटॅग, माहितीच्या त्या आवृत्तीची खूण. ऑर्डर ४५१ दोन जणांनी एकदम उघडली. पहिल्याने पत्ता बदलला, दुसऱ्याने नग बदलले. दोघांनीही पूर्ण ऑर्डर पुट केली (एचटीटीपीच्या पुटने सगळीच नव्याने लिहिली), तर दुसऱ्याच्या सेव्हमुळे पहिल्याचा पत्ता पुसला जातो. वाचताना सर्व्हरने ईटॅग दिला आणि लिहिताना क्लायंटने तो इफ-मॅच हेडरमध्ये परत पाठवला, तर दुसऱ्याला ४१२ ('अट जुळली नाही') मिळतो आणि त्याला नवी प्रत वाचून घ्यावी लागते. इफ-मॅच आलाच नाही तर ४२८ देऊन रिक्वेस्ट नाकारा. डेटाबेसमध्ये आवृत्तीचा एक आकडा वाढवत नेला की तोच ईटॅग म्हणून चालतो. वाचतानाचा फायदा वेगळाच: क्लायंटने तोच ईटॅग इफ-नन-मॅचमध्ये पाठवला आणि काही बदललेलं नसेल, तर बॉडीशिवाय नुसता ३०४ ('बदल नाही') जातो.

एरर असताना २०० देऊन बॉडीत 'सक्सेस: फॉल्स' पाठवणं बंद करा. मॉनिटरिंगला सगळं हिरवं दिसतं, आणि एरर कॅशमध्ये जाऊन बसते. एररच्या बॉडीसाठी आरएफसी ९४५७ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात तयार आराखडा आहे: टाइप, टायटल, स्टेटस, डिटेल, इन्स्टन्स. तोच घ्या.

जेसनमधला एक खड्डा जवळून पाहण्यासारखा आहे. जावास्क्रिप्टमध्ये आकडे ६४ बिटांच्या बायनरी फ्लोटिंग-पॉइंट स्वरूपात राहतात, त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९२, म्हणजे २ चा ५३वा घात, याच्या पुढचे सगळे पूर्णांक बरोबर राहत नाहीत. सर्व्हरने आयडी ९००७१९९२५४७४०९९३ पाठवला तर ब्राउझरमध्ये शेवटचा अंक २ होतो, आणि पुढची रिक्वेस्ट दुसऱ्याच ऑर्डरवर जाते. टेस्ट डेटात आयडी लहान असतात, म्हणून हे प्रॉडक्शनपर्यंत कळत नाही. मोठे आयडी स्ट्रिंग म्हणून पाठवा. रक्कम लहानात लहान एककातला पूर्णांक किंवा स्ट्रिंग म्हणून पाठवा, दशांशात नको.

यादीसाठी ऑफसेट ('पहिल्या इतक्या ओळी सोडून पुढच्या द्या') टाळा. पहिलं पान वाचून होईपर्यंत वर एक नवी ऑर्डर आली की दुसऱ्या पानावर जुनीच ओळ पुन्हा दिसते, आणि एखादी निघून गेली तर मधली एक ओळ कधीच दिसत नाही. शिवाय ऑफसेट एक लाख असेल तर डेटाबेसला तेवढ्या ओळी ओलांडून जावं लागतं. तारीख आणि आयडी मिळून कर्सर (शेवटच्या पाहिलेल्या ओळीची खूण) करा. नुसती तारीख पुरत नाही, कारण एकाच क्षणाच्या दोन ऑर्डर असू शकतात.

जीआरपीसी: घरातल्या घरात

साठ्याच्या जोडणीला हे शोभतं: दोन्ही बाजू तुमच्याच संस्थेत, कॉल भरपूर, उत्तर छोटं. गूगलने २०१५ साली ते खुलं केलं. खाली एचटीटीपी/२ आणि प्रोटोबफ. करार लिहिलेल्या प्रोटो फाइलवरून दोन्हीकडचा कोड तयार होतो, त्यामुळे फील्डच्या नावातली चूक कंपाइल करतानाच सापडते. मला यातला हाच खरा फायदा वाटतो. वेग त्यानंतर येतो.

अडचणी ठरलेल्या आहेत. आपण दिली नाही तर जीआरपीसी कॉलला डेडलाइनच नसते, क्लायंट अनंत काळ थांबू शकतो. प्रत्येक कॉलला डेडलाइन द्या आणि पुढच्या सर्व्हिसला कॉल करताना उरलेला वेळच पुढे द्या. मेसेज स्वीकारण्याची मूळ मर्यादा ४ एमबी असते. ती वाढवत बसण्यापेक्षा मोठी यादी स्ट्रीम करा, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी पाठवा.

सगळ्यात फसवी गोष्ट लोड बॅलन्सिंगची, म्हणजे काम सर्व्हिसच्या अनेक प्रतींमध्ये वाटण्याची. एचटीटीपी/२ चं कनेक्शन एकदा जोडलं की टिकून राहतं आणि सगळे कॉल त्याच्यावरूनच जातात. मध्ये टीसीपी पातळीवरचा बॅलन्सर असेल तर तो फक्त कनेक्शन वाटतो. साठ्याच्या ३ प्रतींवरून १० केल्या, तरी जुन्या तीनच भाजत राहतात आणि नव्या सात रिकाम्या बसतात. उपाय तीन: एचटीटीपी/२ समजणारा प्रॉक्सी, क्लायंटच्या बाजूने राउंड-रॉबिन (आळीपाळीने वाटप), किंवा सर्व्हरवर कनेक्शनचं कमाल वय ठरवून ते अधूनमधून तोडणं. तिसरा सगळ्यात सोपा, आणि पुष्कळदा पुरतो.

प्रोटो फाइल बदलताना जुन्या फील्डचा क्रमांक पुन्हा कधीही वापरू नका. नेटवर्कवरून नाव जात नाही, क्रमांकच जातो. काढलेला क्रमांक रिझर्व्ह्ड म्हणून लिहून ठेवा. १ ते १५ क्रमांकांचा टॅग एका बाइटमध्ये मावतो, ते नेहमी लागणाऱ्या फील्डना द्या. प्रोटो३ मध्ये साध्या पूर्णांक फील्डबाबत 'शून्य' आणि 'दिलंच नाही' यांत फरक करता येत नाही. साठा शून्य आहे की माहिती आली नाही, हा तुमच्याकडे धंद्याचा प्रश्न आहे, तेव्हा तिथे फील्डला ऑप्शनल लावा. आणि ब्राउझरला जीआरपीसी थेट बोलता येत नाही. वेबसाइटसाठी मध्ये जीआरपीसी-वेबचा प्रॉक्सी लागतो. तुमच्या बाबतीत तो ताप घेण्याचं कारण नाही.

ग्राफक्यूएल

यात क्लायंट हवी तेवढीच फील्ड क्वेरीत मागतो. फेसबुकने २०१२ मध्ये आतल्या वापरासाठी सुरू केलं, २०१५ मध्ये खुलं केलं. अनेक स्क्रीन, प्रत्येकीला वेगळी फील्ड, आणि ॲपची टीम बॅकएंडवर अडून राहू नये ही इच्छा, असं असेल तर घ्या. दोन क्लायंट आणि आठ-दहा स्क्रीन असतील तर रेस्टचे नीट आखलेले एंडपॉइंट स्वस्त पडतात. घेतलंत तर ५० ऑर्डरची यादी आणि प्रत्येकीचा ग्राहक मागितल्यावर ५१ क्वेरी जातात, ते डेटालोडरने (सुट्या मागण्या एकत्र करणाऱ्या साधनाने) २ वर आणा. क्वेरीची खोली आणि खर्च यांवर मर्यादा घाला. क्लायंट फक्त तुमचेच असतील तर आधी नोंदवलेल्याच क्वेरी चालू द्या. हे सगळं पहिल्याच दिवशी करायचं.

सोप: जुनं आहे, पण त्याच्याशी नीट वागा

सोप १.१ हे २००० सालचं, १.२ ला २००३ मध्ये डब्ल्यू३सीची (वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची) शिफारस मिळाली. बँका, विमा आणि सरकारी सिस्टिममध्ये ते आजही भक्कम उभं आहे, आणि त्यालाही कारण आहे: डब्ल्यूएसडीएलमध्ये (सर्व्हिसचं वर्णन करणाऱ्या एक्सएमएल फाइलमध्ये) करार पूर्ण लिहिलेला असतो आणि डब्ल्यूएस-सिक्युरिटीमुळे सही मेसेजलाच जोडलेली असते. मध्ये चार सर्व्हर आले तरी ती टिकते, टीएलएससारखी (जोडणीपुरत्या सुरक्षेसारखी) प्रत्येक टप्प्यावर संपत नाही.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी एक वेगळा अडॅप्टर (मधला दुभाषा प्रोग्राम) लिहा. सोपचा एकही क्लास ऑर्डर सर्व्हिसच्या आत येऊ देऊ नका. अडॅप्टर लिहिताना ज्या गोष्टींवर तास जातात त्या अशा. १.१ ला कंटेंट-टाइप टेक्स्ट/एक्सएमएल आणि सोपॲक्शन हेडर लागतं, १.२ ला ॲप्लिकेशन/सोप+एक्सएमएल, आणि ॲक्शन त्याच हेडरच्या आत जातं. यांची सरमिसळ झाली की ४१५ किंवा काहीच न सांगणारा फॉल्ट (सोपची एरर) मिळतो. नेमस्पेसमध्ये शेवटचा एक स्लॅश कमी पडला तर काही पार्सर तक्रार करत नाहीत, ते फील्ड मुकाट्याने रिकामं ठेवतात. सही केल्यानंतर एक्सएमएल 'नीट दिसावं' म्हणून कुणी इंडेंट केलं तर सही मोडते, कारण टॅगांमधल्या मोकळ्या जागाही सहीत मोजल्या जातात. मेसेजमध्ये टाइमस्टॅम्प असेल आणि तुमच्या सर्व्हरचं घड्याळ काही मिनिटं पुढे असेल, तर सगळं बरोबर असूनही मेसेज नाकारला जातो. घड्याळ जुळवणारं एनटीपी चालू आहे ना, ते आधी पाहा. पार्सरमध्ये डीटीडी आणि बाहेरच्या एंटिटी बंद करा, नाहीतर आलेल्या एक्सएमएलमधून तुमच्या सर्व्हरवरच्या फाइल वाचता येतात.

मेसेज: जिथे वाट पाहायची गरज नाही

साखळीचा हिशेब पाहा. एका क्लिकमागे पाच सर्व्हिस एकामागून एक लागत असतील आणि प्रत्येक ९९.९ टक्के वेळ चालू असेल, तर पाचही एकदम चालू असण्याची शक्यता सुमारे ९९.५ टक्के. महिन्याला साधारण पाऊण तासाचा खंड साडेतीन तासांवर जातो. हिशेबाची नोंद या साखळीत कशाला हवी? ऑर्डर झाल्यावर 'ऑर्डर नक्की झाली' अशी घटना टाका. हिशेबाचा अडॅप्टर ती घेऊन आपल्या गतीने सोपचा कॉल करेल.

इथली मोठी चूक म्हणजे डेटाबेसमध्ये कमिट करून (नोंद पक्की करून) मग ब्रोकरला (मेसेज सांभाळून पुढे देणाऱ्या सर्व्हरला) मेसेज पाठवणं. दोन्हींच्या मध्ये प्रोसेस मेली तर ऑर्डर आहे, मेसेज नाही. क्रम उलटा केला तर मेसेज गेला आणि ऑर्डरच नाही. यावर उपाय आउटबॉक्स: ऑर्डरची ओळ आणि मेसेजची ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये एकाच डेटाबेसात लिहा, आणि वेगळी प्रोसेस आउटबॉक्समधून वाचून ब्रोकरला देत राहील. दिल्यावर खूण करण्याआधी तीही मरू शकते, तेव्हा तोच मेसेज दोनदा जाईल. म्हणून घेणाऱ्याने पाहिलेले मेसेज आयडी टेबलात ठेवायचे आणि दुसऱ्यांदा आलेला सोडून द्यायचा. ही ओळ आणि कामाचा परिणाम पुन्हा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. तुमच्या अडॅप्टरचा परिणाम मात्र पलीकडच्या सॉफ्टवेअरमध्ये उमटतो, त्यामुळे तिथे ऑर्डर क्रमांक हाच व्हाउचरचा संदर्भ म्हणून पाठवा आणि नोंद टाकण्याआधी तो आधीच आहे का ते विचारा.

काफ्का या ब्रोकरमध्ये मेसेज पार्टिशन नावाच्या भागांत वाटलेले असतात आणि क्रम फक्त एका पार्टिशनच्या आत पाळला जातो. ऑर्डर आयडी ही की ठेवली तर एका ऑर्डरच्या घटना क्रमाने येतात. पुढे पार्टिशनची संख्या वाढवलीत तर तीच की दुसऱ्या पार्टिशनवर जाऊ शकते आणि जुन्या-नव्या घटनांचा क्रम बिघडतो, म्हणून सुरुवातीलाच थोडी जास्त ठेवा. कन्झ्युमरने (मेसेज घेणाऱ्याने) दोन पोलमध्ये, म्हणजे नवे मेसेज मागण्याच्या दोन वेळांमध्ये, ५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेतला, तर मूळ सेटिंगप्रमाणे तो गटातून बाहेर काढला जातो आणि त्याचं काम दुसऱ्याकडे जातं. सोपचा कॉल हळू असेल तर एका पोलमध्ये येणाऱ्या मेसेजची संख्या कमी करा. ती मूळची ५०० आहे, आणि प्रत्येक कॉलला एक सेकंद धरला तरी ५०० सेकंद होतात.

एखादा मेसेज कधीच पचणार नाही, उदाहरणार्थ हिशेबात तो ग्राहकच नाही. ५ प्रयत्नांनंतर तो डेड-लेटर क्यूमध्ये (अशा न पचलेल्या मेसेजच्या वेगळ्या रांगेत) टाका आणि त्या क्यूवर अलार्म लावा. ज्या क्यूकडे कुणी पाहत नाही तिच्यात गेलेला मेसेज हरवल्यातच जमा. शिवाय रोज रात्री ऑर्डर आणि हिशेब या दोन्हींकडची संख्या व बेरीज ताडून पाहणारं एक काम ठेवा. कितीही काळजी घेतली तरी फरक निघतात, आणि ते ताळ्यातूनच सापडतात.

तर तुमच्यासाठी

ॲप आणि वेबसाइट ते ऑर्डर: रेस्ट, ओपनएपीआयमध्ये (रेस्टचा करार लिहिण्याच्या ठरलेल्या स्वरूपात) करार लिहून, आयडेम्पोटन्सी की आणि ईटॅगसह. ॲपची जुनी आवृत्ती लोकांच्या फोनवर वर्षभर राहते, म्हणून इथे फील्ड फक्त वाढवा; काढणं किंवा अर्थ बदलणं नको. स्टेटसच्या यादीत नवी किंमत घालणं हाही बदलच आहे: अनोळखी स्टेटस आला तर काय दाखवायचं, ते ॲपमध्ये पहिल्या दिवसापासून लिहा.

ऑर्डर ते साठा: जीआरपीसी, ३०० मिलिसेकंदांची डेडलाइन. त्या टीमला प्रोटो फाइलींची सवय नसेल तर रेस्टनेही काम भागेल, त्यावरून भांडू नका. ऑर्डर ते पेमेंट: पेमेंटवाले जे देतात तेच, बहुधा रेस्ट. कॉलचं उत्तर आणि वेबहुक (निकाल कळवायला त्यांच्याकडून तुम्हाला येणारा कॉल) दोन्ही हाताळा. वेबहुकची सही कच्च्या बॉडीवर तपासा, जेसन पार्स करून पुन्हा लिहिलेल्यावर नाही, कारण फील्डचा क्रम बदलला तरी हॅश जुळत नाही. आधी ओळ साठवून लगेच २०० द्या, काम नंतर करा. वेबहुक आलाच नाही तर दर काही मिनिटांनी अडकलेल्या पेमेंटची स्थिती स्वतःहून विचारा.

ऑर्डर ते हिशेब: आउटबॉक्स, क्यू आणि सोप अडॅप्टर. दिवसाला काही हजारच ऑर्डर असतील तर काफ्का उभारू नका. रॅबिटएमक्यू हा ब्रोकर किंवा डेटाबेसमधलंच कामांचं टेबल पुरतं. हिशेबवाले म्हणाले की आमच्या डेटाबेसात थेट लिहा, तर नम्रपणे नाही म्हणा. त्यांनी पुढच्या आवृत्तीत एक कॉलम बदलला की तुमची सर्व्हिस बंद पडेल, आणि त्यांना ते कळणारही नाही.

कामाला लागताना आधी पेमेंटची की आणि टाइमआउटची उतरंड लावा, मग आउटबॉक्स, मग रात्रीचा ताळा. साठ्याचं जीआरपीसी शेवटी केलं तरी चालेल.